हॉवर्ड स्टीमबोट म्युझियम, जेफरसनव्हिल: जाण्याआधी मनात येणारे प्रश्न

लुईव्हिल, इंडियानापोलिस, सिनसिनाटी या पट्ट्यातल्या मराठी घरांत पाहुणे आले की मॅमथ केव्ह ठरलेली असते आणि चर्चिल डाउन्स हे घोड्यांच्या शर्यतीचे मैदानही ठरलेले असते. ओहायो नदीच्या उत्तर काठावरचा हॉवर्ड घराण्याचा वाडा मात्र सहलीच्या यादीत क्वचितच येतो. सुतारकाम, यंत्रे, नद्या, जुनी घरे यांपैकी एकाचीही आवड असेल तर तो यादीत वरती असायला हवा. ओळखीच्या लोकांना तिथे जायला सांगितले की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

हे म्युझियम नेमके कशाचे आहे?

वाफेवर चालणाऱ्या नदीबोटी बांधण्याच्या धंद्याचे. इंडियाना राज्यातल्या जेफरसनव्हिल गावात ईस्ट मार्केट स्ट्रीटवर हा २२ खोल्यांचा वाडा आहे. बोटी बांधणाऱ्या हॉवर्ड घराण्याचे ते राहते घर होते. त्यांच्या कारखान्याने १८३४ ते १९४१ या १०७ वर्षांत तीन हजारांहून अधिक लहानमोठ्या बोटी पाण्यात सोडल्या असे मानले जाते. त्यात झुंबरे लावलेल्या प्रवासी बोटींपासून साध्या फेरीबोटी आणि बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांपर्यंत सगळे आले. १९५८ पासून हे घर लोकांसाठी खुले आहे आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

घर पाहायचे की बोटींचे म्युझियम पाहायचे? दोन्हींचा संबंध काय?

संबंध इतका घट्ट आहे की दोन्ही वेगळे करताच येत नाहीत. एडमंड्स हॉवर्डने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे घर बांधायला घेतले, तेव्हा लाकूडकामासाठी त्याला बाहेरून कोणी आणावे लागले नाही. रस्त्यापलीकडे त्याच्याच कारखान्यात बोटींच्या केबिनी, कठडे, जिने, कमानी करणारे पट्टीचे सुतार रोज कामाला येत होते. तेच हात या घराला लागले. खोल्यांच्या दारांवर, खांबांवर आणि मुख्य जिन्याच्या कठड्यावर जे कोरीवकाम दिसते, तसेच काम ही माणसे बोटींच्या दिवाणखान्यांत करत असत.

तिथे वेळ काढावा असे वाटण्याचे खरे कारण हेच आहे. हॉवर्डच्या त्या भव्य प्रवासी बोटी आज उरलेल्या नाहीत. काही जळाल्या, काही बुडाल्या, काही बर्फाने चिरडल्या, काही मोडीत निघाल्या. त्या कारागिरांची नावेही बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत. त्यांच्या हाताचे काम जवळून पाहायचे, त्यावरून नजर फिरवायची, तर ही एवढी एक जागा शिल्लक आहे. म्हणून आत गेल्यावर आधी काचेच्या कपाटांकडे धावू नका. जिन्यापाशी थांबा आणि सांधे बघा.

हॉवर्ड कोण होते?

मूळ पुरुष जेम्स हॉवर्ड. जन्म १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. सिनसिनाटीला एका बोट बांधणाऱ्याकडे तो उमेदवारीला राहिला आणि १८३४ मध्ये, वयाची विशीही पुरी झालेली नसताना, जेफरसनव्हिलला येऊन त्याने आपली पहिली बोट बांधली. तिचे नाव हायपेरिअन. मधली काही वर्षे मॅडिसन आणि इतर काठांवर काम करून १८४० च्या दशकाच्या अखेरीस तो जेफरसनव्हिललाच कायमचा परतला.

त्याचा शेवट चटका लावणारा झाला असे वाचले की वाईट वाटते: १८७६ मध्ये फेरीबोटीने नदी ओलांडताना तो घोडागाडीसह पाण्यात गेला आणि बुडाला. सगळे आयुष्य त्या नदीवर काढलेला माणूस त्याच नदीत गेला. पुढे त्याचा मुलगा एडमंड्स आणि मग नातवंडे यांनी धंदा चालवला. तीन पिढ्यांची ही गोष्ट म्युझियममध्ये फोटो, कागदपत्रे आणि घरातल्या वस्तूंमधून उलगडत जाते.

बोटींचा कारखाना जेफरसनव्हिललाच का निघाला?

ओहायो नदी पिट्सबर्गला सुरू होते आणि सुमारे १,५८० किलोमीटर वाहून मिसिसिपीला मिळते. या सगळ्या वाटेत बोटींना खरा नैसर्गिक अडथळा एकच होता. लुईव्हिलपाशी खडकांच्या पायऱ्यांवरून नदी सुमारे तीन किलोमीटरच्या अंतरात आठेक मीटर खाली उतरत असे. पाणी कमी असेल तेव्हा बोटी अडकायच्या, माल उतरवायचा, गाड्यांवर लादायचा आणि खाली पुन्हा चढवायचा. या खोळंब्यामुळेच लुईव्हिल, जेफरसनव्हिल आणि न्यू ऑल्बनी ही गावे वाढली. जिथे बोटी थांबतात, तिथे त्या दुरुस्त करणारे येतात आणि दुरुस्त करणारे पुढे नव्या बांधू लागतात.

या पाण्यातून गेलेली पहिली वाफेची बोट ‘न्यू ऑर्लिन्स’. १८११ मध्ये निकोलस रूझवेल्ट आणि त्याची पत्नी लिडिया तिच्यावर होते. लुईव्हिलला पोहोचल्यावर नदीला पाणी चढेपर्यंत त्यांना काही आठवडे मुक्काम करावा लागला आणि लिडियाचे बाळ तिथेच जन्मले. पुढे १८३० मध्ये हा उतार टाळणारा कालवा खुला झाला, तरी सर्वांत मोठ्या बोटी त्यात मावत नसत. त्यांना पूर येईपर्यंत वाटच पाहावी लागे.

बाकीच्या गोष्टीही जुळून आल्या होत्या. आसपास ओकची जंगले होती. नदीपलीकडे लुईव्हिलला ओतकामाचे कारखाने होते, तिथून इंजिने आणि बॉयलर मिळत. आणि जेफरसनव्हिलचा काठ असा होता की उतारावर बोट नदीला समांतर बांधायची आणि तयार झाली की वंगण लावलेल्या ओंडक्यांवरून आडवीच पाण्यात घसरवायची. समुद्री जहाज शेपटीकडून पाण्यात जाताना आपण पाहिलेले असते. इथे अख्खी बोट एका कुशीवरून धाडकन पाण्यात पडायची आणि समोरच्या काठापर्यंत लाट जायची. या आडव्या जलावतरणाचे जुने फोटो अवश्य शोधा.

नदीतली ही बोट आणि आपल्या कोकणच्या बोटी यांत काय फरक?

आजी-आजोबांना बरोबर नेले तर हा प्रश्न नक्की येतो, कारण मुंबई-रत्नागिरी-पणजी बोटीने प्रवास केलेली पिढी अजून आपल्यात आहे. कोकणच्या किनाऱ्यावरच्या बोटी समुद्राच्या. त्यांचा तळ खोल, पाण्याखाली मळसूत्री पंखा, अंग लाटा सोसणारे. ओहायो-मिसिसिपीची बोट अगदी वेगळ्या गरजेतून घडली. उन्हाळ्यात या नद्या इतक्या उथळ होत की खोल तळाची बोट जागीच रुतली असती. म्हणून तळ सपाट, अंग लांब आणि हलके, आणि सगळा पसारा पाण्याच्या वर. खालच्या डेकवर पुढे बॉयलर, मागे इंजिने आणि उरलेल्या जागेत माल. त्यावर प्रवाशांच्या केबिनी, त्यावर अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि सर्वांत वर काचेची पायलटची खोली. तिथून पायलट पाण्याचा रंग आणि तरंग पाहून खालचा गाळ ओळखत असे.

ढकलायला पंख्याऐवजी लाकडी फळ्यांचे प्रचंड चाक. दोन बाजूंना दोन चाके असली की एक पुढे आणि एक मागे फिरवून बोट जागच्या जागी वळवता येई. मागे एकच चाक असले की बोट अरुंद पाण्यात शिरू शके आणि वाहून आलेल्या ओंडक्यांपासून चाकही थोडे वाचे. इंजिन आणि चाक जोडणारा लांब दांडा, ज्याला पिटमन म्हणत, तोही पुष्कळदा लाकडाचा आणि लोखंडी पट्ट्यांनी बांधलेला असे. लाकूड थोडे लवचीक असल्याने धक्के पचवी.

माझ्या मते या सगळ्यात बुद्धिमान गोष्ट म्हणजे ‘हॉग चेन’. लांब, सपाट, हलकी बोट मध्ये पाण्यावर तरंगते, पण तिची दोन्ही टोके बॉयलर आणि चाकाच्या वजनाने खाली झुकू पाहतात. ते झुकू नये म्हणून तळापासून वर उभारलेल्या खांबांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी सळ्या ताणून बसवत आणि लागेल तशा आवळत. बोट कुठे सैल पडली आहे हे अनुभवी सुताराला कळायचे. एखाद्या मॉडेलमध्ये या सळ्या नीट पाहिल्या की पूल आणि बोट यांच्यामागचे गणित एकच आहे हे लक्षात येते. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांना एवढे एक दाखवले तरी फेरी सार्थकी लागली.

इतक्या सुंदर बोटी होत्या, तर एखादी जपून का ठेवली नाही?

कारण त्या टिकण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. एकोणिसाव्या शतकातल्या नदीबोटीचे सरासरी आयुष्य चार-पाच वर्षांचे धरले जाई. पाण्याखाली अडकलेली झाडाची खोडे तळ फाडत. हलकी, उच्च दाबाची इंजिने, नदीचे गाळाचे पाणी, बॉयलरच्या तळाशी साचणारा चिखल आणि वेगाची हाव, यातून स्फोट होत. १८६५ च्या एप्रिलमध्ये मेम्फिसजवळ ‘सल्ताना’ या बोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. ती बोट सिनसिनाटीला बांधलेली होती, हॉवर्डची नव्हे. पण अशी भीती प्रत्येक बोटीवर असायची.

हॉवर्डच्या दोन बोटींचे उदाहरण पुरेसे आहे. ‘जे. एम. व्हाइट’ १८७८ ची, सुमारे ९७ मीटर लांब, मधला दिवाणखाना सत्तर मीटरहून मोठा. दक्षिणेतल्या नद्यांवर तिच्यासारखी थाटाची बोट झाली नाही असे जुने लोक म्हणत. १८८६ मध्ये लुइझियानात ती जळून खाक झाली. दुसरी ‘सिटी ऑफ लुईव्हिल’, १८९४ ची. त्याच वर्षी तिने लुईव्हिलहून सिनसिनाटीपर्यंतचे, नदीने दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर, प्रवाहाविरुद्ध ९ तास ४२ मिनिटांत कापले. १९१८ च्या हिवाळ्यात सिनसिनाटीला नदी गोठली आणि बर्फाच्या रेट्याने ती चिरडली गेली.

यंत्रे मात्र वाया जात नसत. बुडालेल्या किंवा मोडलेल्या बोटीचे इंजिन काढून नव्या बोटीत बसवणे ही नेहमीची रीत होती. लाकडी अंग दर काही वर्षांनी नवे, आणि आतले इंजिन दोन-तीन जन्म घेतलेले.

आत काय काय आहे? कुठून सुरुवात करावी?

वाडा रोमनेस्क धाटणीचा आहे: गोल कमानी, भक्कम दर्शनी भाग, मनोरा, रंगीत काचांच्या खिडक्या. दारातून आत शिरले की मोठा कोरीव जिना समोर येतो. बोटीच्या दिवाणखान्यातला जिना कसा असेल याची कल्पना त्यावरून येते, आणि तशी ती यावी हाच बांधणाऱ्यांचा हेतू असावा. खालच्या मजल्यावर संगीताची खोली आहे. तिच्यातले सोनेरी फर्निचर १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातून आणलेले. (स्वामी विवेकानंदांनी भाषण केलेली सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. आपल्या पाहुण्यांना हे सांगितले की ती खोली लगेच जवळची वाटू लागते.)

बोटींचा भाग म्हणजे मॉडेल, सुतारांची हत्यारे, आराखडे, फोटो आणि बोटींवरून उतरवलेले सामान. त्यात अर्ध्या अंगाची लाकडी मॉडेल दिसली तर ती नुसती शोभेची समजू नका. बोट बांधणारे आधी हातात धरता येईल असे अर्धे मॉडेल कोरत, त्याचा बाक डोळ्यांनी आणि बोटांनी तपासत, आणि मग त्यावरून मापे मोठी करून फळ्या कापत. कागदावरच्या आराखड्याआधी लाकडातला आराखडा होता.

घरातले सगळे मूळचेच आहे का?

सगळे नाही, आणि ते आधीच माहीत असलेले बरे. या घराने दोन मोठे आघात सोसले. जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीला आलेल्या महापुरात जेफरसनव्हिल आणि लुईव्हिलचा मोठा भाग पाण्याखाली गेला. हे घर नदीच्या इतके जवळ की तेही सुटले नाही. मार्च १९७१ मध्ये आग लागली आणि आतल्या भागाचे फार नुकसान झाले. त्यानंतर वर्षानुवर्षे खपून घर पुन्हा उभे केले गेले. त्यामुळे काही ठिकाणी मूळ लाकूड आहे, काही ठिकाणी दुरुस्ती. मार्गदर्शकाला नेमके विचारा, ते खोलीखोलीत दाखवतात. जे वाचले ते पाहताना त्याची किंमत अधिक कळते.

कापूस आणि गुलामगिरी यांबद्दल तिथे विचारावे का?

जरूर विचारावे. हा धंदा कापसावर उभा होता. दक्षिणेतल्या मळ्यांतून कापसाच्या गासड्या न्यू ऑर्लिन्सपर्यंत पोहोचवणे हे या बोटींचे मुख्य काम, आणि यादवी युद्धाच्या आधी तो कापूस गुलाम माणसांच्या श्रमाचा होता. ओहायो नदी ही तेव्हा सीमारेषाच होती. दक्षिणेला केंटकीत गुलामगिरी कायदेशीर, उत्तरेला इंडियानात बेकायदा. जेफरसनव्हिलच्या आसपासच्या काठांवरून रात्री नदी ओलांडून माणसे स्वातंत्र्याकडे पळाली. बोटींवर भट्टीत कोळसा आणि लाकूड टाकणारे, पाठीवरून गासड्या चढवणारे पुष्कळ कामगार कृष्णवर्णीय होते, युद्धाआधी आणि नंतरही. वरच्या मजल्यावरची झुंबरे त्यांच्या कष्टावर पेटत होती. वाडा पाहताना हे डोळ्यांआड करू नये असे मला मनापासून वाटते.

‘रॉबर्ट ई. ली’ आणि ‘नॅचेझ’ची ती प्रसिद्ध शर्यत. ती बोट इथलीच ना?

शेजारची. १८७० मध्ये न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुईस ही शर्यत ३ दिवस १८ तास १४ मिनिटांत जिंकणारी ‘रॉबर्ट ई. ली’ न्यू ऑल्बनीला बांधली होती. न्यू ऑल्बनी जेफरसनव्हिलहून थोडी खाली, त्याच काठावर. त्या नावाची दुसरी बोट मात्र १८७६ मध्ये हॉवर्डने बांधली. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

आपल्याकडे, मुंबईत, अशी कुठली गोष्ट घडली का?

घडली, आणि आश्चर्य वाटावे इतकी त्याच सुमाराला. मुंबई गोदीत वाडिया घराण्याच्या पिढ्या जहाजे बांधत होत्या. १८२९ मध्ये तिथे बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुएझला गेली. आर्देशिर कर्सेटजी वाडिया यांनी १८३३ मध्ये ‘इंडस’ ही लहान आगबोट पाण्यात सोडली. जेम्स हॉवर्डने पहिली बोट बांधली त्याच १८३४ मध्ये त्यांनी माझगावचे आपले घर गॅसच्या दिव्यांनी उजळले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. १८४९ मध्ये ते अमेरिकेलाही जाऊन आले आणि मुंबईसाठी लाकूड कापण्याची यंत्रे त्यांनी मागवली.

एक फरक मात्र मोठा आहे. मुंबईची जहाजे सागाची. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते. हॉवर्डच्या ओकच्या बोटी गेल्या, पण मालकाचे घर राहिले. मुंबईतल्या जुन्या जहाजबांधणीचे एवढे जिवंत, आत शिरून पाहता येईल असे घर-म्युझियम आपल्याकडेही व्हावे, ही इच्छा जेफरसनव्हिलला गेले की प्रत्येक वेळी होते.

कारखाना अजून चालू आहे का?

नाही. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने जागा ताब्यात घेतली आणि तिथे रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी १२३ जहाजे बांधली गेली. पुढे तोच कारखाना जेफबोट नावाने ओळखला जाऊ लागला आणि देशातल्या अंतर्गत जलमार्गांवरचा सर्वांत मोठा बांधणारा ठरला. ‘मिसिसिपी क्वीन’ आणि नॅशव्हिलची ‘जनरल जॅक्सन’ या बोटी तिथल्याच. २०१८ मध्ये तो बंद झाला. म्हणजे या काठावर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे बोटी बांधल्या जात होत्या. म्युझियमसमोर, रस्त्यापलीकडे नदीच्या बाजूला, ती जागा.

किती वेळ लागतो?

दीड ते दोन तास. सुतारकामात रमणारे असाल तर अर्धा दिवस मोकळा ठेवा.

लहान मुले कंटाळतील का?

सहा-सात वर्षांपुढची मुले मॉडेलपाशी रमतात. त्यांना आधी एक काम द्या: कोणत्या बोटीला चाक बाजूला आहे आणि कोणत्या बोटीला मागे, हे मोजायचे. अगदी लहान मुलांना सांभाळावे लागेल, कारण जुन्या घरात हात लावू नये अशा वस्तू पावलापावलावर आहेत.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जिने किती?

व्हिक्टोरियन काळातला बहुमजली वाडा आहे, तेव्हा जिना आलाच. व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर निघण्याआधी म्युझियमला फोन करून कोणत्या भागापर्यंत सोय आहे ते विचारा. वर चढणे जमणार नसेल तरी निराश होऊ नका. खालचा मजला, तिथले कोरीवकाम आणि रंगीत काचा पाहण्यातच बराच वेळ जातो. हिवाळ्यात बाहेरच्या पायऱ्यांवर बर्फ असू शकतो, चांगले बूट घाला.

तिकीट आणि वेळा?

तिकीट लागते. वेळा ऋतूनुसार आणि सणांच्या दिवशी बदलतात, तेव्हा त्या आठवड्याच्या वेळा संकेतस्थळावर बघूनच गाडी काढा. सोमवारचा बेत टाळावा. लांबून येणाऱ्यांनी घड्याळाकडेही लक्ष ठेवावे: जेफरसनव्हिल ईस्टर्न वेळेवर चालते. शिकागोहून येताना एक तास पुढे जातो आणि दुपारी उशिरा पोहोचणाऱ्यांची यात हमखास फजिती होते.

कसे पोहोचायचे?

इंडियानापोलिसहून आय-६५ महामार्गाने सुमारे १८५ किलोमीटर, सिनसिनाटीहून सुमारे १६० किलोमीटर. लुईव्हिलच्या मध्यवर्ती भागातून गाडीने दहा-पंधरा मिनिटे. नदी ओलांडताना आय-६५ च्या पुलांवर टोल आहे आणि भाड्याची गाडी असेल तर कंपनी त्यावर वेगळे पैसेही लावते. सेकंड स्ट्रीटच्या जुन्या पुलावर, म्हणजे क्लार्क मेमोरियल ब्रिजवर, टोल नाही.

हवा चांगली असेल तर चालत जाण्यासारखे दुसरे सुख नाही. बिग फोर ब्रिज हा १८९५ चा रेल्वेचा पूल आता फक्त पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी आहे. लुईव्हिलच्या वॉटरफ्रंट पार्कमधून चढायचे आणि जेफरसनव्हिलच्या बाजूला उतरायचे. तिथून पूर्वेकडे मार्केट स्ट्रीटने सुमारे मैलभर. पुलाच्या मध्यावर थांबून दोन्ही दिशांना पाहा. आज खालून कोळसा आणि खडी भरलेल्या बार्जची रांग ढकलत नेणारी डिझेल बोट जाते. नदीवरचा मालवाहतुकीचा धंदा संपलेला नाही, फक्त वाफ संपली.

वाफेची खरी बोट चालताना पाहायला मिळेल का?

लुईव्हिलच्या धक्क्यावर ‘बेल ऑफ लुईव्हिल’ उभी असते. १९१४ मध्ये पिट्सबर्गला ‘आयडलवाइल्ड’ नावाने बांधलेली ही बोट अजून वाफेवरच चालते आणि तिच्यावर वाफेच्या शिट्यांचे वाद्य, कॅलिओपी, वाजवतात. तिकीट काढताना एक काळजी घ्या. त्याच धक्क्यावरून ‘मेरी एम. मिलर’ ही दुसरी बोटही सुटते, पण ती वाफेची नाही. (मेरी मिलर ही लुईव्हिलची बाई, १८८४ मध्ये वाफेच्या बोटीच्या कप्तानपदाचा परवाना मिळवणारी अमेरिकेतली पहिली स्त्री.) सकाळी वाडा आणि दुपारी बेलची फेरी, असा क्रम ठेवा. सळ्या, पिटमन, चाक हे आधी मॉडेलमध्ये समजून घेतले की इंजिनखोलीत उभे राहून ते चालताना पाहण्याची मजा कितीतरी वाढते.

आसपास आणखी काय जोडता येईल?

क्लार्क्सव्हिलचे फॉल्स ऑफ द ओहायो स्टेट पार्क दहा मिनिटांवर आहे. ज्या खडकांनी बोटी अडवल्या, तेच खडक तिथे दिसतात आणि त्यांत सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या प्रवाळांचे जीवाश्म आहेत. जेफरसनव्हिलच्या स्प्रिंग स्ट्रीटवर १८९१ पासून चालणारे शिम्फ्स हे गोळ्या-चॉकलेटांचे दुकान आहे. दालचिनीच्या लाल गोळ्या तिथली खासियत. शाकाहारी जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून डबा बरोबर ठेवा किंवा लुईव्हिलला परत येऊन जेवा.

कोणत्या महिन्यात जावे?

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. नदीचे पाणी उतरलेले असते, त्यामुळे फॉल्सचे खडक आणि जीवाश्म उघडे पडतात, हवा पूल चालत ओलांडण्याजोगी असते आणि बेलच्या फेऱ्याही चालू असतात. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत असते. त्या आठवड्यात लुईव्हिलची हॉटेले भरलेली आणि महाग असतात, पण त्याच आठवड्यात, बुधवारी, नदीवर बोटींची शर्यत होते. गर्दी चालत असेल आणि राहायला ओळखीचे घर असेल, तर डर्बीचा आठवडाही जरूर निवडा. मात्र त्या बुधवारी गाडी जेफरसनव्हिलच्या बाजूला लावून काठावर लवकर जागा धरा.